कॅलिफोर्नियाचं विद्यापीठ अटलांटिकच्या संघटनेत कसं गेलं?

स्टॅनफर्ड विद्यापीठातून गाडीनं निघालं तर तासाभराच्या आत पॅसिफिक महासागर लागतो. अटलांटिक तिथून चार हजार किलोमीटरवर. तरीही २०२४ पासून स्टॅनफर्डचे संघ ‘अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स’मध्ये खेळतात. शेजारचं बर्कलीचं कॅलिफोर्निया विद्यापीठही तिथंच. ‘बिग टेन’ नावाच्या संघटनेत १८ विद्यापीठं आहेत, ‘बिग ट्वेल्व्ह’मध्ये १६. आणि ‘पॅक-ट्वेल्व्ह’मध्ये मधली दोन वर्षं फक्त दोन उरली होती. २०११ साली तर गंमतच होती, बिग टेनमध्ये बारा सभासद आणि बिग ट्वेल्व्हमध्ये दहा.

अमेरिकेत शिकायला गेलेली पोरं कॉलेजच्या रंगाचे टी-शर्ट घालून फोटो पाठवतात, ‘आम्ही आता बिग टेनमध्ये’ असं कळवतात, आणि इकडे घरच्यांना काही उलगडा होत नाही. अभ्यासक्रम तोच, शहर तेच, मग विद्यापीठ गेलं कुठून कुठे? ‘रिअलाइनमेंट’ या नावानं तिथल्या बातम्यांत सतत येणारी ही फेरमांडणी नेमकी काय आहे, आणि नवा सभासद घेताना कोण, कशाच्या आधारावर ठरवतं, ते बघू.

कॉन्फरन्स म्हणजे काय

अमेरिकेत कॉलेजच्या खेळांची देशपातळीवरची शिखर संस्था आहे एनसीएए. सर्वांना लागू होणारे नियम आणि बहुतेक खेळांच्या राष्ट्रीय स्पर्धा ती बघते. पण वर्षभराचे सामने कोणी कोणाशी खेळायचे हे ती ठरवत नाही. त्यासाठी दहा-पंधरा विद्यापीठं एकत्र येऊन गट करतात. हा गट म्हणजे कॉन्फरन्स. गटातले संघ आपापसात खेळतात, गटाचा विजेता ठरतो, आणि टीव्हीवर सामने दाखवण्याचे हक्क सगळे मिळून एकत्र विकतात. गटाची कचेरी असते, आयुक्त असतो. मतदान मात्र विद्यापीठांचे अध्यक्ष करतात, म्हणजे आपल्याकडच्या कुलगुरूंच्या तोडीची माणसं. प्रशिक्षकाला आणि खेळाडूला तिथं मत नाही.

हे गट मुळात शेजारधर्मातून झाले. बिग टेनची सुरुवात १८९६ ची. शिकागोच्या आसपासची, रेल्वेनं सहज जाऊन येता येईल अशी विद्यापीठं त्यात होती. पॅसिफिक किनाऱ्यावरचा गट १९१५ चा. शंभर वर्षं भूगोल हाच सभासदत्वाचा पहिला दाखला होता.

पण कॉलेजच्या खेळात एवढा पैसा?

इथं आपला अनुभव उपयोगी पडत नाही. आपल्याकडे आंतरविद्यापीठ सामन्याला मैदानावर खेळाडूंचे मित्र आणि कंटाळलेले दोन पंच असतात. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये १ लाख ७ हजारांहून जास्त माणसं बसतात, आणि ते भरतं. नेब्रास्का राज्यात मोठ्या व्यावसायिक लीगचा एकही संघ नाही. तिथं विद्यापीठाचा फुटबॉल संघ हाच राज्याचा संघ. लिंकन शहरातल्या त्यांच्या स्टेडियमची सगळी तिकिटं १९६२ पासून प्रत्येक सामन्याला संपत आली आहेत. (फुटबॉल म्हणजे अर्थातच अमेरिकन फुटबॉल, हातात अंडाकृती चेंडू घेऊन पळायचा. या लेखात दुसरा फुटबॉल नाही.)

कॉलेजचा फुटबॉल ही व्यावसायिक लीगची रोपवाटिकाही आहे. तिथं जाणारा जवळजवळ प्रत्येक खेळाडू कॉलेजमधून जातो. शनिवारी दिवसभर देश हे सामने बघतो, आणि थेट सामना ही अशी गोष्ट आहे की ती लोक अजूनही त्याच वेळी, जाहिरातींसकट बघतात. मालिका नंतर बघता येते, सामना नाही. म्हणून वाहिन्या बाकी सगळीकडे हात आखडता घेतात आणि इथं थैली मोकळी सोडतात. २०२२ मध्ये बिग टेननं फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी यांच्याशी केलेला करार सात वर्षांचा आणि ७०० कोटी डॉलरहून मोठा होता.

१९८४: न्यायालयानं फाटक उघडलं

पूर्वी हे हक्क कॉन्फरन्सकडे नव्हतेच. फुटबॉलचं प्रक्षेपण एनसीएएच्या मुठीत होतं. टीव्हीवर सामना दिसला तर मैदानावर कोण येणार, ही भीती. म्हणून नियम असा की कोणताही संघ दोन वर्षांत सहापेक्षा जास्त वेळा टीव्हीवर दिसायचा नाही. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया या मोठ्या फुटबॉल विद्यापीठांना हे जाचलं. ती न्यायालयात गेली. जून १९८४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ७ विरुद्ध २ मतांनी निकाल दिला की ही एनसीएएची मक्तेदारी बेकायदा आहे.

विरोधात मत देणाऱ्या दोघांपैकी एक होते न्यायमूर्ती बायरन व्हाइट. ते स्वतः एकेकाळी कोलोरॅडो विद्यापीठाचे नावाजलेले फुटबॉलपटू. हा बाजार मोकाट सुटला तर शिक्षणसंस्थेचा खेळ हा शिक्षणसंस्थेचा राहणार नाही, अशी त्यांची चिंता होती. त्यांचं कोलोरॅडो पुढे बिग ट्वेल्व्हमधून पॅक-ट्वेल्व्हमध्ये गेलं, आणि तेरा वर्षांनी पुन्हा बिग ट्वेल्व्हमध्ये परतलं.

निकालानंतर हक्क ज्याचे त्याचे झाले, आणि विकायला सोयीचा घाऊक गठ्ठा म्हणजे कॉन्फरन्स. त्या दिवसापासून कॉन्फरन्स ही सामने लावणारी समिती उरली नाही, विक्रीसंघ झाली.

नवा सभासद म्हणजे एक भागाकार

एक दूध संघ डोळ्यांसमोर आणा. सगळ्यांचं दूध एका टाकीत जातं, डेअरीला एकत्र विकलं जातं. समजा या संघानं ठरवलं की फॅट मोजायचंच नाही, सगळ्यांना सारखा पैसा. म्हशीचं दाट दूध घालणारा आणि पातळ दूध घालणारा, दोघांच्या हातात रक्कम तीच. बहुतेक कॉन्फरन्स अशाच चालत आल्या. टीव्हीचा पैसा सर्वांना सम प्रमाणात.

आता बाहेरचा एक जण म्हणतो, मलाही घ्या. संघाचा प्रश्न एकच असतो: तुझ्या दुधानं आमचा वाटा वाढेल की घटेल? आकडे घालून बघा. दहा सभासद, वर्षाचा करार ४० कोटी डॉलर, प्रत्येकी ४ कोटी. नव्यामुळे वाहिनी ३ कोटी जास्त द्यायला तयार आहे. ऐकायला बरं वाटतं, पण ४३ भागिले ११ केलं की प्रत्येकी ३ कोटी ९१ लाख येतात. जुन्या प्रत्येकाचं वर्षाला ९ लाखांचं नुकसान. म्हणजे नव्यानं निव्वळ भर घालून चालत नाही, त्यानं *सरासरीपेक्षा* जास्त भर घातली पाहिजे. टेक्सस, ओक्लाहोमा, यूएससी (लॉस एंजेलिसचं सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ) अशी नावं सोडली तर ही अट फार थोड्यांना पेलते. चांगला संघ, देखणं मैदान, उत्साही माजी विद्यार्थी असूनही कित्येक विद्यापीठं वर्षानुवर्षं दारात उभी का असतात, त्याचं उत्तर या भागाकारात आहे.

उलट बाजूही आहे. म्हशीवाल्याला रोज दिसत असतं की आपल्या दुधावर बाकीचे पोसले जातात, आणि पलीकडच्या संघात सगळीच म्हशीवाली आहेत. टेक्सस आणि ओक्लाहोमा यांनी २०२१ मध्ये बिग ट्वेल्व्ह सोडून एसईसी या दक्षिणेतल्या बलाढ्य गटात जायचं जाहीर केलं, ते यामुळेच. ठरल्यापेक्षा एक वर्ष आधी, २०२४ मध्ये जाता यावं म्हणून दोघांनी मिळून १० कोटी डॉलरची भरपाई मान्य केली.

सोडून जाणाऱ्याला अडवायला दोन कुलपं असतात. पहिलं म्हणजे बाहेर पडण्याचा दंड. मेरिलंड विद्यापीठाकडे अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सनं, म्हणजे एसीसीनं, ५ कोटी २० लाखांहून जास्त मागितले होते. २०१४ मध्ये तडजोड ३ कोटी १४ लाखांवर झाली. दंड भरता येतो हे कळल्यावर दुसरं कुलूप जास्त वापरात आलं, ते हक्क लिहून देण्याचं. सभासद आपले प्रक्षेपण हक्क ठरावीक वर्षांसाठी गटाच्या नावावर करतो. मग तो गेला तरी त्याच्या घरच्या सामन्यांचा पैसा जुन्या गटालाच. अशा विद्यापीठाला दुसरा कोणी कशाला घेईल?

रटगर्सला का घेतलं असेल?

न्यू जर्सीतल्या रटगर्स विद्यापीठाला बिग टेननं २०१४ मध्ये घेतलं तेव्हा फुटबॉलच्या रसिकांनी डोक्याला हात लावला. रटगर्सचा संघ काही दादा नव्हता. एडिसन आणि आसपासच्या मराठी घरांतून कितीतरी मुलं तिथं जातात, पण फुटबॉलसाठी जातात असं कोणी म्हणणार नाही.

बिग टेनला रटगर्सचा संघ नको होता, न्यू यॉर्क परिसरातली केबलची जोडणी हवी होती. २००७ मध्ये गटानं स्वतःची वाहिनी सुरू केली होती. ज्या राज्यात आपला सभासद आहे तिथं केबलवाल्याकडून घरटी दर महिन्याला भरीव रक्कम मिळे, बाकी ठिकाणी चिल्लर. ती वाहिनी घरात कोणी लावो न लावो, बिलात पैसे लागत. रटगर्समुळे न्यू यॉर्क-न्यू जर्सीची आणि मेरिलंडमुळे वॉशिंग्टन-बाल्टिमोरची लक्षावधी घरं एका फटक्यात ‘घरच्या राज्यात’ आली. खेळ न बघणाऱ्या माणसाच्या केबलबिलावर कॉलेजचा फुटबॉल उभा होता, हे मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत उघडं सत्य वाटतं.

मग लोकांनी केबल तोडायला सुरुवात केली आणि निवडीचा निकष बदलला. विद्यापीठ कोणत्या शहरात आहे याला पूर्वीइतकं महत्त्व उरलं नाही. आता विचारतात, देशभरातली किती माणसं तुमचा सामना मुद्दाम लावून बघतील? आजच्या नियमांनी रटगर्सला बोलावणं आलं असतं असं वाटत नाही. आणि आत जाऊनही त्याची चैन झाली नाही. सुरुवातीची वर्षं कमी वाटा मिळाला, मोठ्यांशी बरोबरी करायला खर्च वाढला, आणि क्रीडा विभागाची तूट वर्षानुवर्षं कोट्यवधी डॉलरची राहिली.

पॅक-ट्वेल्व्ह एका उन्हाळ्यात कशी फुटली

पॅक-ट्वेल्व्ह म्हणजे पश्चिम किनाऱ्याचा जुना, तालेवार गट. स्टॅनफर्ड, यूसीएलए (कॅलिफोर्निया विद्यापीठाची लॉस एंजेलिस शाखा), यूएससी यांच्या जोरावर स्वतःला ‘विजेत्यांची कॉन्फरन्स’ म्हणवणारा. २०१२ मध्ये त्यांनीही वाहिनी काढली, पण कोणत्याही बड्या वाहिनीला भागीदार न करता. सगळी मालकी आपली, सगळा नफा आपला, हा हिशेब. पण डायरेक्ट टीव्ही या मोठ्या उपग्रह-सेवेशी त्यांचं कधीच जमलं नाही, आणि बिग टेन-एसईसीच्या तुलनेत उत्पन्न मागे पडत गेलं.

३० जून २०२२ ला यूएससी आणि यूसीएलए बिग टेनमध्ये जाणार असल्याची बातमी आली. लॉस एंजेलिस शहरच गटातून गेलं. उरलेल्या दहांनी नव्या कराराची बोलणी सुरू केली, पण रेंगाळत. इकडे बिग ट्वेल्व्हनं रांग मोडली. त्यांनी २०२२ च्या ऑक्टोबरातच ईएसपीएन आणि फॉक्सशी मुदतवाढ करून टाकली, प्रत्येक सभासदाला वर्षाला साधारण ३ कोटी १७ लाख डॉलर. वाहिन्यांची तिजोरी आणि वेळापत्रक दोन्ही भरलं, आणि पॅक-ट्वेल्व्हच्या वाट्याला आली अॅपल कंपनीची योजना: हमीची रक्कम त्याहून कमी, आणि वर्गणीदार वाढले तर जास्त.

जुलै २०२३ च्या शेवटी कोलोरॅडो गेलं. उरले नऊ. ४ ऑगस्टच्या सकाळी या नवांचे अध्यक्ष अॅपलच्या कराराला होकार देण्यासाठी एकत्र येणार होते. त्याच दिवशी वॉशिंग्टन (राजधानीचं नव्हे, पश्चिमेकडच्या सिअॅटलचं विद्यापीठ) आणि ओरेगन बिग टेनकडे गेली, आणि संध्याकाळपर्यंत अॅरिझोना, अॅरिझोना स्टेट आणि युटा बिग ट्वेल्व्हकडे. एका दिवसात नवाचे चार.

या प्रसंगात लोभापेक्षा भीती जास्त होती. वॉशिंग्टन आणि ओरेगन यांनी बिग टेनमध्ये जाताना इतरांच्या साधारण निम्मा वाटा पत्करला, सुरुवातीला वर्षाला ३ कोटींच्या आसपास. पण तो नक्की होता, आणि न जाण्यात धोका असा की शेजारी गेला तर आपण एकटे उरू. प्रत्येकाला ठाऊक होतं की सगळे थांबले तर गट टिकतो, आणि प्रत्येकाला हेही ठाऊक होतं की सगळे थांबणार नाहीत.

जानेवारी २०२४ मध्ये, या जुन्या गटाच्या अखेरच्या हंगामात, वॉशिंग्टनचा संघ राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत पोचला. तिथं तो मिशिगनकडून हरला. पुढच्या हंगामात दोघं एकाच कॉन्फरन्सचे सभासद होते.

नऊ वर्षं फुकट खेळण्याची बोली

स्टॅनफर्ड आणि बर्कली आता बेघर. अभ्यासात जगन्मान्य, पण फुटबॉलला प्रेक्षक बेताचे. एसीसीच्या भागाकारात ती बसत नव्हती. पण एसीसीच्या ईएसपीएनशी असलेल्या करारात एक कलम होतं: नवा सभासद आला की वाहिनी त्याच्यापोटी पूर्ण वाट्याएवढी जादा रक्कम देईल. म्हणजे नवा माणूस पूर्ण वाटा आणणार. त्यानं तो घेतलाच पाहिजे असं थोडंच आहे?

स्टॅनफर्ड आणि बर्कली पहिली सात वर्षं साधारण तीस टक्के वाट्यावर तयार झाली. डॅलसचं सदर्न मेथडिस्ट विद्यापीठ, म्हणजे एसएमयू, त्याही पुढे गेलं. नऊ वर्षं टीव्हीच्या पैशातला एक डॉलरही नको, फक्त आत घ्या. उरलेली सगळी रक्कम जुन्या सभासदांच्या पदरात.

एसएमयू असं का वागलं हे समजायला मागे जावं लागतं. १९८७ मध्ये खेळाडूंना चोरून पैसे दिल्याबद्दल एनसीएएनं त्यांचा अख्खा फुटबॉल हंगाम रद्द केला होता. तिथले लोक त्या शिक्षेला ‘मृत्युदंड’च म्हणतात. संघ कोसळला. त्यांचा जुना साउथवेस्ट गट १९९६ मध्ये मोडला तेव्हा टेक्ससमधली चार विद्यापीठं नव्या बिग ट्वेल्व्हमध्ये गेली आणि एसएमयू मागे राहिलं. तिथून २८ वर्षं ते दुय्यम गटांत फिरत होतं. डॅलसमधले त्यांचे माजी विद्यार्थी गब्बर. प्रवेशाची बातमी आल्यावर काही दिवसांतच त्यांनी १० कोटी डॉलर गोळा केले. टीव्हीचा वाटा नसला तरी घरचा पैसा होता. पहिल्याच वर्षी, २०२४ मध्ये, एसएमयू बारा संघांच्या राष्ट्रीय बाद फेरीत जाऊन बसलं.

तरीही मतदान काठावर गेलं. १५ पैकी १२ मतं हवी होती. फ्लोरिडा स्टेट, क्लेमसन आणि नॉर्थ कॅरोलिना शेवटपर्यंत विरोधात राहिली. आधी त्यांच्या बाजूला असलेलं नॉर्थ कॅरोलिना स्टेट फिरलं आणि १ सप्टेंबर २०२३ ला ठराव झाला. बाकीच्यांना यात विम्याचा भागही दिसत होता: उद्या दोन-चार बडे सोडून गेले तर संख्या कमी पडून करार अडचणीत यायला नको.

अभ्यासाचा दर्जा कोणी बघतच नाही का?

बघतात, पण चाळणीसारखा. पैशाच्या परीक्षेत उतरलेल्यांपैकी कोणाला नाकारायचं हे त्यानं ठरतं. पैशात न बसणाऱ्याला तो आत आणत नाही. बिग टेनच्या अध्यक्षांना सभासद हे संशोधनात अग्रेसर विद्यापीठांच्या राष्ट्रीय संघाचे असावेत असं वाटतं. २०२४ मध्ये घेतलेली चारही तशीच आहेत. नेब्रास्काला निमंत्रण मिळालं तेव्हा ते त्या संघात होतं, २०११ मध्ये त्यातून वगळलं गेलं, पण म्हणून बिग टेननं त्याला बाहेर काढलं नाही.

सरकारी विद्यापीठं ना ही? मग सरकार काही म्हणत नाही?

म्हणतं, आणि कधीकधी फार परिणामकारकपणे. २००३ मध्ये एसीसी नवे सभासद घेत होती तेव्हा व्हर्जिनिया विद्यापीठाचं मत निर्णायक होतं. राज्यपाल मार्क वॉर्नर यांनी दबाव आणला की आपल्याच राज्यातलं व्हर्जिनिया टेक मागे पडता कामा नये. ते आत गेलं. कॅलिफोर्नियात वेगळा प्रकार. यूसीएलए आणि बर्कली एकाच सरकारी विद्यापीठ-व्यवस्थेची भावंडं. यूसीएलए बिग टेनमध्ये गेल्यानं गट फुटला आणि बर्कलीचं नुकसान झालं, तर आता जाणाऱ्याच्याच खिशात हात घालायचं ठरलं. यूसीएलएनं बर्कलीला वर्षाला १ कोटी डॉलर द्यावेत असा नियामक मंडळानं २०२४ मध्ये निर्णय दिला. हिस्सा मागणाऱ्या भावाचा वाद आपल्याला नवा नाही, पण कुलगुरू पातळीवर बघायला मजा येते.

मग फुटबॉलच वेगळा का काढत नाहीत?

हा सर्वांत रास्त प्रश्न. फुटबॉलचा संघ आठवड्यातून एकदाच खेळतो, त्यातही निम्मे सामने घरी. चार हजार किलोमीटरचा प्रवास त्याला हंगामात एक-दोनदा. पण व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉल, बास्केटबॉलचे संघ आठवड्यात दोन-तीन सामने खेळतात, आणि ते मधल्या वारीही असतात. त्या मुली सिअॅटलहून न्यू जर्सीला जातात, तीन तासांचा वेळेचा फरक सोसतात, विमानतळावर निबंध लिहितात. ज्या पैशासाठी हे चाललंय तो फुटबॉलचा, आणि प्रवास इतरांचा.

२०२३ च्या अखेरीस यूसीएलएचे तेव्हाचे फुटबॉल प्रशिक्षक चिप केली यांनी जाहीरपणे हेच सुचवलं: फुटबॉल सगळ्यांचा एकत्र वेगळा काढा, बाकीचे खेळ पूर्वीसारखे शेजारच्यांशी. तांत्रिक अडथळा नाही. नोत्र दाम विद्यापीठ फुटबॉलमध्ये कोणत्याच गटात नाही. १९९१ पासून एनबीसीशी त्यांचा स्वतंत्र करार आहे, आणि बाकी बहुतेक खेळ ते एसीसीत खेळतात. अडतं ते इथं की टीव्हीचे करार सगळे खेळ बांधून केलेले आहेत, आणि आज ज्यांच्याकडे जास्त पैसा आहे त्यांना मांडणी बदलण्यात काही मिळणार नाही. राष्ट्रीय बाद फेरीच्या २०२६ पासूनच्या पैशातला जवळजवळ ५८ टक्के वाटा बिग टेन आणि एसईसी या दोघांनी आधीच आपल्या नावावर करून घेतला आहे. मला स्वतःला केलींचं म्हणणं पटतं, आणि ते होणार नाही हेही दिसतं.

खेळाडूंच्या हाती काय?

फार काळ शिष्यवृत्तीपलीकडे काही नाही. २०२१ पासून त्यांना स्वतःच्या नावावर जाहिरातीतून कमावता येऊ लागलं. जून २०२५ मध्ये न्यायालयानं एक मोठी तडजोड मंजूर केली, आणि २०२५-२६ पासून विद्यापीठ आपल्या खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतं, पहिल्या वर्षी एकूण २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. ज्या गोष्टीसाठी एसएमयूला मृत्युदंड झाला, ती आता अंदाजपत्रकातली एक ओळ आहे. यानं फेरमांडणीचा वेग कमी होईल असं काहींना वाटलं होतं. माझ्या मते उलट. दरवर्षी दोन कोटींचा नवा खर्च उभा राहिला की गटागटांतल्या उत्पन्नाची दरी जास्तच टोचते.

उरलेल्या दोघांनी सोबती कसे निवडले

पॅक-ट्वेल्व्हमध्ये मागे राहिलेली दोन विद्यापीठं म्हणजे ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. दुसऱ्याचं गाव पुलमन, गव्हाच्या टेकड्यांमध्ये वसलेलं. टीव्हीच्या बाजारात दोघांनाही भाव नाही. पण जाणाऱ्या दहांनी गटाचा कारभारही सोडला, असा दावा करून हे दोघं न्यायालयात गेले आणि जिंकले. गटाचं नाव, मालमत्ता, येणी यांचा ताबा त्यांच्याकडे आला.

फुटबॉलच्या वरच्या श्रेणीत गट म्हणून मान्यता टिकवायला आठ सभासद लागतात, आणि संख्या घटली तर दोन वर्षांची सवलत. तेवढ्यात सहा माणसं जमवायची. २०२४ च्या हंगामासाठी त्यांनी शेजारच्या माउंटन वेस्ट गटाकडून पैसे देऊन सामने घेतले. त्या करारात माउंटन वेस्टनं एक अट घातली होती: आमचे सभासद पळवले तर दंड, पहिल्याला १ कोटी डॉलर आणि पुढच्या प्रत्येकाला पाच लाख चढते. सप्टेंबर २०२४ मध्ये पॅक-ट्वेल्व्हनं त्यांचेच पाच उचलले: बॉइसी स्टेट, कोलोरॅडो स्टेट, फ्रेझ्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट आणि युटा स्टेट. दंड झाला साडेपाच कोटी. मग तीच अट बेकायदा असल्याचा दावा लावला.

मेम्फिस, टुलेन यांनाही विचारणा झाली, पण त्यांनी आहोत तिथंच बरं म्हणून कळवलं. गोंझागा आलं. १९४१ नंतर तिथं फुटबॉलच नाही, पण बास्केटबॉलमध्ये ते दोनदा राष्ट्रीय अंतिम सामना खेळलेलं. ते आठात मोजलं जात नाही, तरी घेतलं, कारण राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धेतल्या प्रत्येक सामन्यामागे गटाला सहा वर्षांत मिळून साधारण २० लाख डॉलर येतात. आठवा फुटबॉल सभासद जून २०२५ मध्ये मिळाला: टेक्सस स्टेट. पॅसिफिकपासून दूर, पण टेक्सस म्हणजे खेळाडूंची खाण आणि प्रेक्षकांचा मोठा बाजार. १ जुलै २०२६ ही नव्या गटाच्या सुरुवातीची तारीख.

पुढची फेरी कधी?

करारांच्या तारखा बघितल्या की कळतं. बिग टेनचा टीव्ही करार २०२९-३० पर्यंत आहे, बिग ट्वेल्व्हचा २०३०-३१ पर्यंत. एसीसीचा २०३६ पर्यंत, आणि तोच फ्लोरिडा स्टेट आणि क्लेमसनला बेडीसारखा वाटत होता. दोघांनी आपल्याच गटावर खटले भरले. मार्च २०२५ च्या तडजोडीत ठरलं की बाहेर पडण्याचा दंड दरवर्षी उतरत जाईल आणि २०३०-३१ ला ७.५ कोटी डॉलरवर येऊन थांबेल. तो भरला की आपले प्रक्षेपण हक्कही सोबत नेता येतील. प्रेक्षक जास्त त्याला जास्त वाटा, असंही एसीसीनं मान्य केलं. फॅट मोजायला सुरुवात झाली म्हणायची.

२०२४ च्या हिशेबात बिग टेनच्या जुन्या सभासदाला वर्षाला ६ कोटींच्या वर मिळत होते, एसीसीवाल्याला साधारण साडेचार. पूर्ण वाटा पदरात पडला, तर ७.५ कोटींचा दंड निव्वळ या फरकातून पाचएक वर्षांत फिटतो.